दोन नोबेल झाली, चाचणी कुठे आहे?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या गोष्टीत १९९३ हे साल दोनदा येतं. त्या वर्षी 'व्हीएचएल' हे जनुक हाती लागलं. ते निकामी झालं की मूत्रपिंडात गाठी होतात. वर्ष सरता सरता व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स या कृमीत एक इवलासा, २२ अक्षरांचा आरएनए दाखवला. त्याच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नव्हतं. उलट दुसऱ्या आरएनएला चिकटून तो त्याचंही प्रथिन बनू देत नव्हता. कृमीतली गंमत म्हणून बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला. २००० साली तसाच आणखी एक आरएनए सापडला आणि तो माणसातही निघाला, तेव्हा कुठे जाग आली. पुढच्या वर्षी 'मायक्रोआरएनए' हे नाव रुळलं.

२००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाला रक्ताच्या एका कर्करोगात मायक्रोआरएनए-१५ आणि १६ ही जोडी बऱ्याच रुग्णांत गायब झालेली दिसली. मग प्रत्येक अवयवाच्या गाठीत शोध सुरू झाला. तरी गाठ कापून तपासणं वेगळं आणि शरीराबाहेर पडणाऱ्या द्रवात तिचा माग काढणं वेगळं. आरएनए नाजूक, आणि लघवीत तो चिरून टाकणारी विकरं भरपूर. पण हे छोटे रेणू सूक्ष्म पिशव्यांत किंवा प्रथिनांच्या कवचात बसून तग धरतात. २००८ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी ते रक्तद्रवात शाबूत असल्याचं दाखवलं. २०१० मध्ये शरीरातल्या १२ द्रवांची झडती झाली, त्यात लघवीही होती.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना याचं अप्रूप वाटणं साहजिक होतं. प्रोस्टेटसाठी रक्तातली पीएसए तरी आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी रोजच्या वापरातली एकही खूण नाही. लघवीत रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ ही पुस्तकातली तीन लक्षणं एकत्र आता फार थोड्यांत दिसतात. पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत मूत्रपिंडावरची गाठ अचानक सापडते, हेच जास्त घडतं. आणि चार सेंटिमीटरच्या आतल्या ज्या गाठी काढल्या जातात, त्यांतल्या सुमारे पाचातली एक साधी निघते. म्हणजे ते ऑपरेशन टळू शकलं असतं.

म्हणून २०१२ चं कलोनमधल्या संशोधकांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. कर्करोगाच्या रुग्णांच्या लघवीत मायक्रोआरएनए-१५ए वाढलेला आणि ऑन्कोसायटोमा या साध्या गाठीत जवळजवळ नसलेला त्यांना आढळला. रक्ताच्या कर्करोगात हरवणारा रेणू इथे वाढलेला! एकाच रेणूची प्रत्येक अवयवात वेगळी चाल असते, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण पुढची वर्षं नवनवीन नावांच्या घोषणांत गेली. टोरांटोच्या गटाने २०१६ मध्ये लघवीतल्या सूक्ष्म पिशव्यांमधून १२६ या क्रमांकाच्या मायक्रोआरएनएला दुसऱ्याची जोड दिली, मग ३०सी आला. एकाची यादी दुसऱ्याच्या यादीशी क्वचितच जुळली.

त्यातल्या त्यात भक्कम पाया मायक्रोआरएनए-२१० चा. व्हीएचएल निकामी झालं की पेशीला ऑक्सिजन तुटल्याचा भास होतो, एचआयएफ नावाची प्रथिनं साचतात आणि २१० वाढतो. कारण माहीत असलेली खूण कधीही बरी. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये तो लघवीत मोजला गेला. गाठ काढल्यावर आठवड्यात उतरलाही. पण निम्म्याहून थोडेच अधिक रुग्ण त्यात पकडले गेले, आणि निरोगी माणसांत दर पाचांमागे एकाला खोटी धास्ती. इतक्या विरळ आजारासाठी अशी चाचणी सरसकट लावली, तर खऱ्या रुग्णांपेक्षा विनाकारण घाबरलेल्यांचीच रांग मोठी होईल.

अडचण मोजण्यातच आहे. कुणी दोन तांबे पाणी पिऊन आला की लघवी पातळ. मग तुलना कशाशी करायची? कुणी क्रिएटिनिन धरतं, कुणी दुसरा एखादा मायक्रोआरएनए, तर कुणी नमुन्यात बाहेरून ठरावीक मात्रा घालतं. गंमत म्हणजे ती बहुधा सी. एलिगन्सच्याच मायक्रोआरएनएची असते! शिवाय रुग्णाच्या लघवीत रक्त असलं, तर रक्तपेशींतले मायक्रोआरएनए हिशेबात मिसळतात.

ऑक्सिजनची चाहूल घेणाऱ्या याच एचआयएफ-यंत्रणेच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, अँब्रॉस आणि रव्हकुन यांना २०२४ चं. चाचणी मात्र दवाखान्यात पोचलेली नाही. माझ्या मते तिची जागा निरोग्यांच्या चाळणीत नाहीच. सोनोग्राफीत सापडलेली छोटी गाठ कापायची की नुसती लक्षात ठेवायची, हे ठरवताना आणि ऑपरेशननंतरच्या पाळतीत तिचा उपयोग होईल. त्यासाठी नवं नाव शोधण्यापेक्षा १५ए आणि २१० हेच अनेक केंद्रांत, एकाच पद्धतीने, हजारो नमुन्यांवर तपासायला हवेत.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं: लघवी लाल झाली आणि दुखत नसेल, तर उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका. रक्त एकदाच दिसून थांबलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.