तंजावर : ताटात, तारांत आणि कागदांत

पुण्याहून तंजावर गाडीने साधारण बाराशे किलोमीटर. बंगळूरपर्यंतचा रस्ता अनेकांच्या पायाखालचा असतो, त्याबद्दल काय सांगायचे! खरा प्रवास होसूरच्या पुढे सुरू होतो. कृष्णगिरी, सेलम मागे पडते आणि नामक्कल येते. ट्रकच्या बॉड्या बांधणारे आणि देशाला अंडी पुरवणारे हे गाव. इथे महामार्ग सोडावा आणि मुसिरीचा रस्ता धरावा. तो कावेरीच्या उत्तर काठाने तिरुचिरापल्लीकडे जातो. वेळ थोडा जास्त लागतो, पण केळीच्या बागा, भाताची खाचरे आणि मधूनच दिसणारे नदीचे रुंद पात्र पाहिले, की चोळ राजांना एवढी मोठी देवळे परवडली कशी, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. तिथून तंजावर तासा-दीड तासावर.

मराठी माणूस तंजावरला जातो तो बहुतेक वेळा ‘आपल्या’ खुणा मोजायला. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास हे राज्य घेतले आणि १८५५पर्यंत भोसल्यांची गादी इथे होती, एवढे शाळेत कानावरून गेलेले असते. मग मोठ्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, देवळाच्या आवारातल्या भिंतीवरचा १८०३चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख शोधायचा, फोटो काढायचा आणि परत फिरायचे. शिलालेख पाहावाच. एवढा लांब मराठी मजकूर दगडात कोरलेला सहसा दिसत नाही. पण तंजावरची गंमत वेगळीच आहे. इथे राज्य करायला आलेले मराठे कावेरीचे पाणी प्यायले आणि तंजावरकर झाले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत रचना केल्या, मराठीत नाटके लिहिली आणि ‘पंचभाषाविलास’ नावाच्या नाटकात तर पात्रांना पाच भाषांत बोलायला लावले. सांगलीला विष्णुदास भावे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणणार होते १८४३ साली, आणि हे त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षे आधीचे!

राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्यावर इतके लिहिले गेले आहे, की मी हात आखडता घेतो. एकच सुचवतो : सकाळी लवकर जा, अनवाणी चालताना दगड तापलेला नसतो. भिंतींवरचे तमिळ लेख वाचता आले नाहीत, तरी त्यांत काय आहे हे ठाऊक असू द्या. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कुठून आल्या आणि कोणत्या गल्लीत कितव्या घरात राहत, याची नोंद तिथे कोरलेली आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कलावंतांचा पत्त्यासकट हजेरीपट!

दुपारी देऊळ बंद असते. ते चार तास राजवाड्यात घालवावेत. वाड्याची अवस्था पाहून जीव हळहळतो. पोपडे आणि कबुतरे यांचेच राज्य दिसते. पण आतल्या कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्ती पाहून बाकी सगळे विसरायला होते. तिरुवेण्काडूहून आलेला, १०११ सालचा वृषभवाहन शिव तिथे आहे. नंदीला रेलून उभा राहिलेला, पण नंदी काळाच्या ओघात नाहीसा झाला आहे. त्यामुळे एक हात कोपरात वाकून नुसताच हवेत टेकलेला, दुसरा मांडीवर सैल सोडलेला, एक पाय दुसऱ्यावरून तिरपा टाकलेला. केसांचे मुंडासे बांधले आहे, जवळ जाऊन बघितले की त्यात साप गुंतलेले दिसतात. मूर्तीभोवती चक्कर मारून पाठीकडून पाहा. कमरेपाशी पडलेला तो किंचित बाक समोरून कळत नाही. आधार गेला तरी रेलणे तसेच राहिले आहे. ती पोकळी न्याहाळत मी बराच वेळ उभा होतो. शेजारी त्याची पार्वती, एका वर्षानंतर घडवलेली.

त्याच वास्तूत सरफोजीराजे (दुसरे) पांढऱ्या संगमरवरात हात जोडून उभे आहेत. शिल्पकार इंग्रज, जॉन फ्लॅक्समन. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजाकडे राज्यकारभार जवळजवळ उरलाच नव्हता. किल्ल्यापलीकडे सारे कंपनी सरकार बघत होते. रिकाम्या हातांनी त्याने काय केले ते सरस्वती महाल ग्रंथालयात दिसते. ग्रंथसंग्रह भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या वेळेपासूनचा, पण त्याला आजचे रूप दिले ते सरफोजींनी. काशीयात्रेला गेले तिथूनही हस्तलिखिते घेऊन आले. नुसती मराठी हस्तलिखितेच तीन हजारांहून अधिक आहेत, मोडी कागदपत्रे वेगळी. पाहुण्यांना छोटेसे प्रदर्शन तेवढे बघता येते. त्यात माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे यांची तुलना करणारी शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रे आहेत. घुबडासारखा माणूस, बैलासारखा माणूस! पोरेटोरे तिथेच खिळून राहतात. राजाच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत. त्या रोग्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह लिहिलेल्या नोंदी याच संग्रहात जपल्या आहेत. वाड्यात देवनागरी छापखानाही होता. इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली तिथे छापले गेले, तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती.

एव्हाना भूक लागलेली असते. तंजावरला जेवताना पहिला विषय सांबाराचा निघतो. संभाजीराजे पाहुणे आले, आमसूल संपले, मुदपाकखान्यात चिंच घालून आमटी केली आणि तिला पाहुण्याचे नाव मिळाले, ही गोष्ट गाइडपासून हॉटेलच्या मेनूकार्डापर्यंत सगळीकडे ऐकू येते. आख्यायिकाच ती, अभ्यासक तिच्यावर फारशी भिस्त ठेवत नाहीत. आपणही ठेवू नये, कारण सांगण्यासारखे पुरावे दुसरे आहेत. भोसल्यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ग्रंथालयाने प्रसिद्ध केले आहे. आणि इथल्या घरांत आजही डांगर पच्चडी होते : उडदाचे भाजलेले पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी. आपल्या डांगराची ही सख्खी बहीण कावेरीकाठच्या तमिळ पंगतीत केळीच्या पानावर बसली आहे.

माझे मत विचाराल तर इथे सांबारापेक्षा कडप्पा खावा. मुगाची डाळ आणि बटाटा, त्यात ओले खोबरे, खसखस, डाळे आणि बडीशेप यांचे वाटण. पातळसर, पांढुरके, मवाळ. इडली-डोशाबरोबर देतात. तंजावर-कुंभकोणमचा पट्टा ओलांडला की तो सहसा मिळत नाही, आणि इथेही रोज असेलच असे नाही, विचारावे लागते. कॉफीबद्दल मात्र विचारावे लागत नाही. पितळी डबऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात उंचावरून ओतलेली ती ‘डिग्री कॉफी’ चिकोरीमुळे किंचित कडवट आणि निरशा दुधामुळे दाट लागते.

संगीतासाठी आधी वीणा घडवणाऱ्यांकडे जावे. मिरजेला तंबोरा भोपळ्याचा करतात. इथे वीणा फणसाच्या लाकडाची. ओंडका आतून कोरून काढायचा, दांडीच्या टोकाला याळी या काल्पनिक पशूचे तोंड बसवायचे. सगळी एकाच ओंडक्यातून कोरली तर ती ‘एकांड वीणा’, तिचा मान मोठा. खरी परीक्षा शेवटी असते. दांडीवर काळसर मेणाच्या दोन पट्ट्या चढवतात आणि त्यांवर पितळेचे चोवीस पडदे एकेक करून बसवतात. कारागीर तार छेडतो, कान देतो, पडदा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. मेण गरम असेपर्यंतच सुराला जागा बदलता येते. या पक्क्या चोवीस पडद्यांच्या वीणेचे श्रेय सतराव्या शतकातल्या रघुनाथ नायकाच्या दरबाराला देतात. चार तारा वाजवायच्या, तीन बाजूला तालासाठी.

भरतनाट्यमचा आजचा क्रम, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, बांधला तो चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी, सरफोजींच्या दरबारात. राजाने स्वतः नृत्यासाठी मराठी पदे रचली. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने ती छापलेली आहेत. चार भावांपैकी वडिवेलू पुढे त्रावणकोरला गेला आणि कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. उलट दिशेने, मराठी कीर्तनकारांचे ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथेला नवे वळण दिले. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग त्यातून तमिळ श्रोत्यांच्या ओळखीचे झाले.

शहरापासून तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज इथे राहिले आणि १८४७ साली इथेच गेले. सरफोजींनी बोलावले तरी ते दरबारात गेले नाहीत, असे परंपरा सांगते. आज दर वर्षी पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुधा जानेवारीत, शेकडो गायक-वादक समाधीसमोर मांडी घालून त्यांच्या पंचरत्न कृती एकत्र गातात. एकेकाळी या उत्सवात बायकांना गायची मुभा नव्हती. समाधीवर देऊळ उभारण्यासाठी आपली कमाई ओतणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मांनी बायकांचा वेगळा उत्सव सुरू केला आणि ती रीत मोडून काढली. त्या स्वतः देवदासी परंपरेतल्या. त्यांची समाधी समोरच आहे. तिथून निघताना मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा अशोका हलवा बांधून घ्यावा. तो याच गावचा.

दिवस हाताशी असतील तर गाडी तशीच पूर्वेला काढावी. चाळीस किलोमीटरवर कुंभकोणम, त्याच्या अलीकडे स्वामीमलैला मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतणारे स्थपती अजून काम करताना दिसतात, आणि पुढे समुद्राला लागून तरंगंबाडीचा १६२०चा डॅनिश किल्ला. सरफोजींना लहानपणी शिकवणारा मिशनरी श्वार्त्झ याने भारतात प्रथम काम केले ते याच बंदरात.