हवामान बदल आणि कृषी सहाय्यकाचे ज्ञान : लखनौच्या गव्हाचे उदाहरण

'हवामान बदल म्हणजे काय?' असे विचारले की अनेक विद्यार्थी ओझोनच्या थरापासून सुरुवात करतात. तो प्रश्न वेगळा आहे. परीक्षेत या चुकीने दोन गुण जातील. पण गावात सल्ला देणाऱ्याचाच असा गोंधळ असेल, तर नुकसान शेतकऱ्याचे होते.

आपल्याकडचा कृषी सहाय्यक म्हणजे उत्तर प्रदेशातला कृषी प्राविधिक सहायक. त्याला भाषेची एक सोय आहे. हिंदीत रोजचे ते 'मौसम' आणि दीर्घकाळचे ते 'जलवायु'. मराठीत आपण दोन्हींना हवामानच म्हणतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका पुढच्या पाच दिवसांचे सांगते, तीस वर्षांचे नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

आता लखनौच्या आसपासचा गहू पाहू. पेरणी नोव्हेंबरात होते आणि दाणा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतो. पीक दिवस मोजत नाही, उष्णता मोजते. दिवसाच्या सरासरी तापमानातून ५ अंश हा पाया वजा केला, की त्या दिवसाचे उष्मांश-दिवस मिळतात. समजा, दाणा भरायला असे ६०० लागतात (आकडा गणितापुरता घेतला आहे). कमाल २८ व किमान १३ असेल, तर सरासरी २०.५ आणि रोजचे १५.५, म्हणजे सुमारे ३९ दिवस. कमाल ३४ व किमान १७ झाले, तर रोजचे २०.५ आणि दिवस उरतात २९. दहा दिवस आधीच पीक पिकते, पिष्ट कमी साठते, दाणा सुरकुततो.

मार्च २०२२ मध्ये हेच घडले. सरासरी कमाल तापमानानुसार १९०१ पासूनचा तो देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. गव्हाच्या उत्पादनाचा ११.१३ कोटी टनांचा सरकारी अंदाज मे महिन्यात १०.६४ कोटींवर आला आणि १३ मे रोजी निर्यात थांबवावी लागली.

म्हणून सहायकाचे ज्ञान तपासायचे असेल, तर त्याला हरितगृह वायूंची नावे विचारू नका. प्रशिक्षणात तीच पाठ करून घेतात, हे माझ्या मते उलटे आहे. असे विचारा : 'भात उशिरा निघाला, गव्हाची पेरणी डिसेंबरात गेली, तर काय होईल?' जाणकार सांगेल, दाणे भरण्याचा काळ थेट मार्चअखेरच्या उन्हात सापडेल. पुढे तो हेही सांगेल की पुढच्या वर्षी लवकर निघणारा भात घ्या, नांगरटीत दिवस न घालवता शून्य मशागतीच्या यंत्राने धसकटांतच गहू पेरा आणि उशीर झालाच, तर उशिराच्या पेरणीसाठीचे वाण निवडा.

आणि मार्चमध्ये ऊन चढले, तर हलके पाणी द्या. पण वारा पडल्यावर, संध्याकाळी. ओल्या जमिनीत वारा लागला, की ओंबीने जड झालेला गहू आडवा होतो.