रानवाटेवर जाण्याआधी

सुट्टी लागली की वाक्वा, कात्र बोर्नची आपली मुले सायकली काढून ल पेत्रँच्या रानाकडे निघतात. त्यांना अडवावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. मात्र रानवाट म्हणजे डांबरी रस्ता नव्हे. तिची तयारी वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी मिळून आदल्या संध्याकाळीच करावी.

प्रथम सायकल पाहावी. दोन्ही ब्रेक नीट लागले पाहिजेत. टायरला चीर नसावी, चेनला तेल असावे, चाके घट्ट बसलेली असावीत. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटे बसावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. मागे सरकलेले हेल्मेट कपाळ वाचवीत नाही. पिशवीत जादा ट्यूब, पंप, स्वच्छ पट्ट्या, शिट्टी, विजेरी आणि तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पाणी घ्यावे.

मग वाटेचा विचार. १९९४ साली स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात सायकल कोणत्या वाटेने नेता येते, हे ल पेत्रँच्या केंद्रात विचारावे. माकाबेहून खाली खोऱ्यात जाणारी वाट फार उभी आहे. उतरणे झटपट होते, चढून परतायला मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत अंधार त्याआधीच पडतो. म्हणून परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे.

उसाच्या मळ्यांतील वाटा सोप्या वाटतात. पण जूनपासून पुढे कापणीच्या दिवसांत तेथे ट्रक धावतात, आणि उंच उसामुळे वळणापलीकडचे दिसत नाही. पावसाळ्यात धोका ओढ्यांचा. ३० मार्च २०१३ रोजी थोड्या तासांच्या पावसाने पोर्ट लुईत ११ माणसांचा बळी घेतला, हे आपण विसरलेलो नाही. पाणी चढलेले दिसले तर ओढा ओलांडू नये.

कोणी पडला आणि मान किंवा पाठ दुखू लागली, तर त्याला हलवू नये, हेल्मेटही काढू नये. ११४ वर सामूला फोन करावा. खोऱ्यात फोन लागेलच असे नाही. म्हणून निदान तिघांनी जावे: एकाने जखमीजवळ थांबावे, दुसऱ्याने मदत आणावी.

आणि पालकहो, कोणती वाट, बरोबर कोण, परत किती वाजता, हे मुलांकडून कागदावर लिहून घ्या. ठरलेली वेळ टळून तास झाला आणि निरोप नाही, तर "येतील आता" म्हणत बसू नका, पोलिसांना कळवा. उजेड असेतोवरच शोध सोपा असतो.