मांडी घालून गिटार

संत बंकटस्वामींच्या नेकनूर गावात भजनाला बसायचं म्हणजे मांडी घालून. पेटी, पखवाज त्या बैठकीत चपखल बसतात. गिटार मात्र घसरते आणि वाजवणारा तिच्यावर वाकतो. त्यात मांडी घातली की कटिभाग मागे झुकतो, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते, मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. घडी केलेली गोधडी बुडाखाली घ्या. गुडघे खाली उतरतात, पाठ आपोआप उभी राहते. खुर्चीवर मला स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा यांनी रूढ केलेली बैठक सर्वांत पटते: डावा पाय छोट्या पाटावर, गिटार डाव्या मांडीवर, दांडी तिरपी वर. मग डावं मनगट फारसं दुमडावं लागत नाही, कंडरा कमी घासतात.