संगणक जोडताना माणसालाही जपा

घरच्या घरी डेस्कटॉप संगणक जोडण्याचा छंद आता नवलाचा राहिलेला नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालायची, नाहीतर ऑनलाइन मागवायचे. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट गोळा करायचे आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळा पसारा मांडायचा. कॉलेजातील मुले हे काम आवडीने करतात आणि त्यांनी ते जरूर करावे. ज्याने एकदा स्वतः संगणक जोडला, त्याला यंत्राची भीती उरत नाही.

ही मुले यंत्राला फार जपतात. प्रोसेसरच्या पिनांना बोट लावत नाहीत, मदरबोर्ड कडेने धरतात. तेवढीच काळजी जोडणाऱ्याच्या शरीराची आणि घरातल्या लहान मुलाची घेतली जाते का, हा प्रश्न मात्र डॉक्टरला पडतो. यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट अर्थिंगची. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांना असतो. ‘थोडा करंट येतो, चपला घालून बस’ एवढ्यावर तो विषय संपतो. डॉक्टरच्या भाषेत सांगायचे तर हे लक्षण आहे आणि आजार भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून पाझरणारा अगदी थोडा करंट तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावा, अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटवरच थांबतो आणि पत्र्यावर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. हा करंट सहसा जिवावर बेतत नाही. पण उद्या एसएमपीएसच्या आत एखादी तार पत्र्याला टेकली, तर 230 व्होल्ट त्याच पत्र्यावर येतील आणि त्यांना जमिनीत जायला वाट मिळेल ती तुमच्या शरीरातून.

शरीराला किती करंट बाधतो, हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साधारण 1 मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. 10 मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 50 ते 100 मिलिअँपिअर छातीतून काही क्षण वाहिला, तर हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरू लागते. म्हणूनच घरासाठीचा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरला वीज तोडेल असा बनवलेला असतो. नव्या संगणकावर हजारो रुपये खर्च करण्याआधी वायरमनला बोलावून ज्या सॉकेटवर तो चालणार आहे त्याचे अर्थिंग मोजून घ्यावे, आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवू नये. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावणे तर टाळावेच.

दुसरी गोष्ट जोडणीच्या वेळची. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर वीज साठते. तिचा चटका आपल्याला साधारण 3000 व्होल्टच्या पुढे जाणवतो, पण नाजूक चिप त्याहून कितीतरी कमी दाबाने बिघडू शकते. म्हणून मनगटाला अँटिस्टॅटिक स्ट्रॅप बांधतात. या पट्ट्यात 1 मेगाओहमचा रोध बसवलेला असतो आणि तो माणसासाठी असतो. काम करताना चुकून 230 व्होल्टला हात लागला, तर या रोधामुळे पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत नाही. काही जण मनगटाला साधी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडतात. तसे कधीही करू नये. ती तार विजेला शरीरातून थेट वाट करून देते. स्ट्रॅप नसेल तर प्लग काढून ठेवावा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या भागाला वरचेवर हात लावत काम करावे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. एसएमपीएस बिघडला तर बदलावा.

तिसरी गोष्ट सर्वात लहान आणि सर्वात घातक. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून मदरबोर्डवर सीआर 2032 हा चपटा सेल असतो. व्यास 20 मिलिमीटर, दाब 3 व्होल्ट. संगणक सुरू झाला नाही की बायोस मूळपदावर आणण्यासाठी हा सेल काढून पुन्हा बसवतात. तारीख मागे जाऊ लागली की बदलतात. काढलेला सेल टेबलावर राहतो आणि घरात रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल असेल तर तो त्याच्या तोंडात जातो.

लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला 20 मिलिमीटर हा आकार पुरेसा असतो. तिथल्या ओलाव्यातून करंट वाहू लागतो आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते आणि ती जखम सेल काढल्यानंतरही खोल जात राहते. काही मुलांत ती शेजारच्या श्वासनलिकेपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. ‘सेल संपलेलाच होता’ यात दिलासा नाही. संगणकाच्या दृष्टीने संपलेल्या सेलमध्येही ही क्रिया घडवण्याइतका दाब शिल्लक असतो.

सेल गिळताना कोणी पाहिले नसेल तर ओळखणे अवघड जाते. लाळ गळणे, खायला नकार, खोकला, चिडचिड अशी साधी दिसणारी लक्षणे असतात. कधी काहीच नसते. एक्सरेत सेल नाण्यासारखा गोल दिसतो, पण त्याच्या कडेला दुहेरी कडे दिसते. अन्ननलिकेत अडकलेला सेल दुर्बिणीने तातडीने काढावा लागतो.

नुसती शंका आली तरी 108 ला फोन करा किंवा जिथे लहान मुलांची दुर्बीण होते अशा मोठ्या रुग्णालयात ताबडतोब जा. नाणे गिळल्यावर केळे किंवा भाकरी खाऊ घालण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे ती नको. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणे मंदावते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये आणि मध शोधण्यात वेळही घालवू नये. नाकात सेल घातला असेल तरी तितकीच घाई करावी.

संगणक जोडायला बसताना लहान मूल दुसऱ्या खोलीत असू द्या. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, तो झाकणाच्या डबीत घालून उंच ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. नव्या सेलचे पाकीटही मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी असावे. काम संपले की स्क्रू मोजतो, तसे सेलही मोजावेत.