मुद्रण फिल्टर, स्वयंचलित

छपाईसाठी आलेली फाईल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्यातील मजकुरावरूनच ओळखून ती प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस स्वयंचलित मुद्रण फिल्टर म्हणतात. युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स, फ्रीबीएसडी इ. परिचालन प्रणालींत ती स्पूलर या व्यवस्थेचा घटक म्हणून काम करते.

स्पूलर : युनिक्स प्रणाली केन टॉमसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित केली. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे हे तिचे वैशिष्ट्य होय. प्रिंटर मात्र संगणकाच्या मानाने फार सावकाश चालतो व एका वेळी एकच काम करू शकतो. त्यामुळे कामे रांगेत ठेवण्याची सोय आवश्यक ठरली. एलपीआर ही आज्ञा दिली की फाईलीची प्रत चकतीवरील ठराविक निर्देशिकेत ठेवली जाते आणि पार्श्वभूमीवर सतत चालणारी एलपीडी ही आज्ञावली तेथील कामे क्रमाने प्रिंटरकडे पाठविते. कोणत्या प्रिंटरसाठी कोणती निर्देशिका व कोणता फिल्टर वापरावयाचा, हे प्रिंटकॅप या फाईलीत नमूद केलेले असते. एलपीडीच्या संदेशवहनाचे नियम १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात ग्रथित झाले.

फिल्टरची आवश्यकता : स्पूलर रांग सांभाळतो, मजकुराचा अर्थ पाहत नाही. युनिक्समध्ये ओळीच्या शेवटी केवळ पुढील ओळीवर जाण्याचे चिन्ह असते. अनेक प्रिंटरांना ओळीच्या आरंभी परतण्याचे वेगळे चिन्हही लागते. ते न मिळाल्यास आधीची ओळ संपते तेथून पुढची सुरू होते व जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ओळी उमटतात. याहून मोठी अडचण पोस्टस्क्रिप्ट या, ॲडोबी कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या, पृष्ठवर्णन भाषेची आहे. ती न समजणाऱ्या प्रिंटरकडे तशी फाईल गेल्यास चित्राऐवजी ते काढण्याच्या सूचनाच पानामागून पान छापल्या जातात. देवनागरी मजकुराच्या बाबतीतही केवळ अक्षरांचे संकेतांक पाठवून भागत नाही. जोडाक्षरे व मात्रा यांच्या आकृती आधी सिद्ध कराव्या लागतात.

कार्यपद्धती : एलपीडी फिल्टरला फाईलीचे मूळ नाव देत नाही, फक्त मजकूर पुरविते. म्हणून फिल्टर आरंभीचे काही बाइट तपासतो. पोस्टस्क्रिप्ट फाईल टक्केचिन्ह व उद्गारचिन्ह यांनी सुरू होते, तर पीडीएफ फाईल टक्केचिन्ह व त्यालगतच्या 'पीडीएफ' या रोमन अक्षरांनी. अशा ओळखखुणांच्या यादीवरून प्रकार ठरला की योग्य रूपांतरक योजिला जातो. संकोचित फाईल असल्यास ती आधी मोकळी करून पुन्हा तपासली जाते. साध्या मजकुरातील ओळींची चिन्हे सुधारली जातात. पोस्टस्क्रिप्टचे रूपांतर घोस्टस्क्रिप्ट ही आज्ञावली करते, ती एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये प्रसृत केली. तिच्यामुळे साध्या, स्वस्त प्रिंटरवरही पोस्टस्क्रिप्ट छापता येऊ लागले. अखेरीस फिल्टर एलपीडीला निर्णयदर्शक अंक परत देतो : ० म्हणजे काम पूर्ण, १ म्हणजे पुन्हा प्रयत्न करावा आणि २ म्हणजे काम रद्द करावे. ॲप्सफिल्टर व मॅजिकफिल्टर ही या प्रकारच्या आज्ञावलींची परिचित उदाहरणे होत.

मर्यादा : ओळखखुणेवरून केलेले अनुमान चुकू शकते. २००८–०९ मध्ये उबुंटू लिनक्सच्या काही वापरकर्त्यांना मंगळवारी छपाई करता येईना. पोस्टस्क्रिप्ट फाईलीत नोंदलेल्या तारखेतील मंगळवाराच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे पाहून, यादीतील एका सदोष नोंदीमुळे, ती फाईल एर्लांग या भाषेतील असल्याचे ठरविले जात होते. प्रिंटर व रांग दोन्ही निर्दोष असल्यामुळे दोषाचे मूळ सापडणे कठीण झाले.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. पोस्टस्क्रिप्ट ही परिपूर्ण आज्ञाभाषा असल्याने अपरिचित फाईल छापणे म्हणजे परक्याने लिहिलेली आज्ञावली चालविणे होय. यास्तव फिल्टरला मर्यादित अधिकार देतात आणि घोस्टस्क्रिप्ट सुरक्षित अवस्थेत चालवितात. सप्टेंबर २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या दोषांमुळे, बनावट प्रिंटरच्या वर्णनात दडविलेल्या आज्ञा त्याच्याकडे काम पाठविताच फिल्टरकरवी चालविणे शक्य असल्याचे दिसून आले.

पुढील विकास : मायकेल स्वीट यांची कप्स ही मुद्रणव्यवस्था १९९९ मध्ये प्रसृत झाली. तिने बहुतेक प्रणालींत एलपीडीची जागा घेतली. तीत ओळखखुणांची यादी व रूपांतरकांची यादी स्वतंत्र असून प्रत्येक रूपांतराला एक 'खर्च' नेमून दिलेला असतो. सर्वांत कमी खर्चाची साखळी व्यवस्था स्वतः निवडते. अनेक नवे प्रिंटर पीडीएफ किंवा ठराविक चित्ररूप थेट स्वीकारतात. त्यामुळे रूपांतराचे काम कमी झाले असले, तरी फाईल ओळखण्याची आवश्यकता टळलेली नाही.