लॅपटॉप बंद पडतो : दोष लहरींचा की आणखी कशाचा?

जुलै महिन्यातील गोष्ट. धानोरा परिसरात पावसाने झड धरली होती. नुकतीच बारावी झालेली एक विद्यार्थिनी आपला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. प्रवेशाचा अर्ज भरताना यंत्र एकाएकी गोठून जाई, पडदा निळा होई आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होई. अर्धा भरलेला अर्ज वाया जाई. अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. घरच्यांच्या मते यंत्रात दमट हवा शिरली होती. दुरुस्ती करणाऱ्याने मुख्य पाटी बदलण्याचा सल्ला दिला होता आणि त्याचा खर्च तिच्या वडिलांना झेपणारा नव्हता.

मी विचारले, "नेमका केव्हा बंद पडतो?"

ती म्हणाली, "सर, मागच्या खोलीत वाय-फाय लावलं की बंद पडतो. वाय-फाय बंद ठेवलं तर दिवसभर चालतो. उन्हाळ्यात असं होत नव्हतं."

विद्यार्थिमित्रांनो, या तीन वाक्यांत निम्मे निदान आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. म्हणून प्रथम ही बिनतारी जोडणी चालते कशी ते पाहू.

घरातील राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधील संदेश रेडिओ लहरींवरून जातात. या लहरींची एक नेहमीची वारंवारता 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 240 कोटी कंपने, इतकी असते. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला 30 कोटी मीटर या संख्येला, 240 कोटींनी भागा. तरंगलांबी येते 0.125 मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. आपल्या वितीपेक्षा बरीच कमी. धातूच्या पत्र्यावरून या लहरी परावर्तित होतात आणि पाणी त्यांना शोषून घेते. अन्न तापविणारी मायक्रोवेव्ह भट्टी जवळजवळ याच वारंवारतेच्या लहरी वापरते, हे लक्षात घेतले म्हणजे पाण्याचा परिणाम पटतो.

आता त्या मुलीचे घर डोळ्यांसमोर आणा. कवेलूचे छप्पर, मातीच्या जाड भिंती. राउटर पुढच्या खोलीत, अभ्यासाची जागा मागच्या खोलीत, मध्ये भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. उन्हाळ्यात भिंत कोरडी होती. आता पावसाने ओल धरली होती. ओली भिंत अधिक ऊर्जा शोषते. अशा अडथळ्यांपलीकडे पोहोचणारी शक्ती मूळ शक्तीच्या एक हजार कोटीव्या भागाइतकी कमी असू शकते! पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्याच्या आकाराची खूण उन्हाळ्यात पूर्ण भरलेली दिसे. आता तिचा जेमतेम बुंधा दिसत होता.

पण लहरी क्षीण झाल्या तर इंटरनेट मंद व्हावे. सगळे यंत्रच का बंद पडावे? याचे उत्तर संगणकाच्या अंतर्रचनेत आहे.

आपण वापरतो ते बहुतेक कार्यक्रम जणू ओसरीवर बसलेले असतात. त्यांतला एक बिघडला तर तेवढाच बंद होतो. याउलट प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो माजघरासारखा. तेथे स्मृती आणि यंत्राचे सर्व भाग यांचा ताबा असतो. वाय-फायचे कार्ड चालविणारा 'ड्रायव्हर' नावाचा छोटा कार्यक्रम साधारणपणे या माजघरातच काम करतो. त्याने तेथे चूक केली तर साठवलेली माहिती बिघडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी प्रणाली स्वतःच सारे काम थांबविते. तोच निळा पडदा. विंडोजच्या अगदी नव्या आवृत्तीत तो काळा असतो.

गाभ्यातील लहानशा चुकीचा परिणाम किती मोठा होतो, हे जगाने 19 जुलै 2024 रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या, गाभ्यात चालणाऱ्या सुरक्षा कार्यक्रमाला एक सदोष सुधारणा पाठविली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. यंत्रे सारी धडधाकट होती; चूक कार्यक्रमात होती.

लहरी क्षीण झाल्या की ड्रायव्हरचे काम वाढते. हरवलेले संदेश पुन्हा पाठवायचे, वेग कमी करायचा, तुटलेली जोडणी पुन्हा जुळवायची, असे त्याला वारंवार करावे लागते. चांगल्या लहरींत सूचनांचा हा भाग क्वचितच वापरला जातो. त्यात एखादी चूक दडली असेल तर ती महिनोन् महिने दिसत नाही. अडचण आली की मात्र उघडी पडते.

हा झाला तर्क. तो तपासण्यासाठी आम्ही प्रयोग केले. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल वहीत लिहायचा.

पहिला प्रयोग. जागा तीच, वाय-फाय बंद. मोबाइल यूएसबी तारेने जोडून इंटरनेट घेतले. लॅपटॉप दोन तास बिनतक्रार चालला. म्हणजे दमट हवा, वीजपुरवठा वा मुख्य पाटी यांवरचा संशय बराच कमी झाला. याच वेळी तिने अर्ज भरून टाकला. काम आधी, निदान मागून!

दुसरा प्रयोग. वाय-फाय चालू, पण लॅपटॉप राउटरशेजारी. तरीही ठीक चालला. म्हणजे नुसते वाय-फाय हेही कारण नव्हे.

तिसरा प्रयोग. पुन्हा मागची खोली, वाय-फाय चालू. वीस मिनिटांत पडदा निळा.

चौथा प्रयोग. त्याच जागी दुसरा लॅपटॉप ठेवला. इंटरनेट रखडत चालले, पण यंत्र बंद पडले नाही. म्हणजे क्षीण लहरी हे निमित्त होते, दोष त्या मुलीच्या लॅपटॉपमध्येच होता.

पाचवा प्रयोग. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तिच्या नमुन्यासाठीचा नवा ड्रायव्हर घेतला आणि जुन्याच्या जागी बसविला. मग मागच्याच खोलीत, त्याच क्षीण लहरींत, तीन संध्याकाळी यंत्र चालवून पाहिले. एकदाही बंद पडले नाही. नंतर राउटर दाराजवळ उंचावर ठेवला आणि इंटरनेटचा वेगही सुधारला. खर्च काहीच आला नाही.

प्रत्येक वेळी ड्रायव्हरच दोषी असेल असे मात्र समजू नका. वाय-फाय बंद असतानाही यंत्र बंद पडत असेल, तर साचलेल्या धुळीमुळे वाढलेली उष्णता किंवा सदोष स्मृतिपट्टी यांचा शोध घ्यावा. बिघाड ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या आवृत्तीकडे परतता येते. यूएसबी 3.0 ची डिस्क लॅपटॉपला जोडलेली असली तर तिच्या तारेतून 2.4 गिगाहर्ट्झजवळ रेडिओ गोंगाट पसरतो. ती काढूनही पाहावे. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर कोणत्या दिवशी काय बिघडले याची नोंद ठेवतो. ती आपल्या वहीशी ताडून पाहावी. आणि काहीही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

त्या घरात दमट हवेला दोष देणारे पुरते चुकले नव्हते. पाऊस कारणीभूत होताच. पण तो यंत्रात नव्हे, भिंतीत शिरला होता. हा फरक महागड्या उपकरणाने नव्हे, तर एक वही, दोन लॅपटॉप आणि एका वेळी एकच बदल करण्याचा संयम यांनी दाखवून दिला. शाळेच्या प्रयोगशाळेत लंबकाची लांबी बदलताना वजन तेच ठेवायला शिक्षक सांगतात, ते याचसाठी.